रस्ट: भट्टीला दिलेली पातळी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरही कशी टिकवावी?

रस्ट या खेळाच्या सर्व्हरवर ऑक्साइड (प्लगइन चालवणारी मॉडिंग प्रणाली) वापरून भट्टीला पातळी देण्यासाठी तुम्ही तिच्यावर प्लगइनमधून स्वतःचा मोनोबिहेविअर कॉम्पोनंट (वस्तूला जोडायचा कोडचा भाग) चढवला आणि रीस्टार्टनंतर तो नाहीसा झाला, हे अपेक्षितच आहे. सेव्ह फाइलमध्ये खेळाला ठाऊक असलेलीच फील्ड लिहिली जातात. तुमचा कॉम्पोनंट त्यांत बसत नाही. स्किनआयडी (वस्तूच्या रूपाचा क्रमांक) आणि ओनरआयडी (मालकाचा क्रमांक) मात्र सेव्ह होतात, म्हणून काही जण त्यांतच माहिती कोंबतात. केवळ खूण म्हणून स्किनआयडी वापरणे मी समजू शकतो, पण ओनरआयडीला हात लावल्यास मालकी तपासणारी इतर प्लगइन चुकीचे निर्णय घेऊ लागतात.

सरळ मार्ग असा, की भट्टीचा नेट.आयडी (खेळाने त्या वस्तूला दिलेला क्रमांक) ही किल्ली धरून पातळ्यांची डिक्शनरी (किल्लीवरून मूल्य शोधता येणारी नोंदवही) ठेवावी आणि ती डेटाफाइलसिस्टीममार्फत ऑक्साइडच्या डेटा फोल्डरमध्ये लिहावी. सेव्ह होणाऱ्या वस्तूचा हा क्रमांक रीस्टार्टनंतर तोच राहतो. २०२३ पासून नेट.आयडी हा साधा आकडा राहिलेला नाही, त्यामुळे किल्ली म्हणून त्याची .व्हॅल्यू, म्हणजे यूलाँग प्रकारचा पूर्णांक, घ्यावी. कॉम्पोनंट टाकून देण्याची गरज नाही. सर्व्हर तयार झाल्यावर चालणाऱ्या ऑनसर्व्हरइनिशियलाइज्ड या हुकमध्ये (ठरावीक घटनेला ऑक्साइड बोलावते ते फंक्शन) डिक्शनरी वाचून तो पुन्हा चढवावा आणि प्लगइन बंद होताना चालणाऱ्या अनलोडमध्ये काढून टाकावा.

फाइल केव्हा लिहायची, हा प्रश्न बहुतेकांना किरकोळ वाटतो. मलाही वाटला होता. पातळी वाढताच मी फाइल लिहीत असे. एकदा सर्व्हर अचानक बंद पडला आणि जग शेवटच्या सेव्हपर्यंत मागे गेले. खेळाडूंनी खर्च केलेले धातूचे तुकडे त्यांच्या पेट्यांत परत आले, पण माझ्या फाइलमध्ये भट्ट्या वरच्याच पातळीवर राहिल्या. पातळी फुकट मिळते हे दोघातिघांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तेव्हापासून मी जग सेव्ह होताना चालणाऱ्या ऑनसर्व्हरसेव्हमध्येच लिहितो, म्हणजे जग आणि माहिती शक्य तितकी एकाच क्षणाची राहते. प्लगइन मध्येच रीलोड केल्यास स्मरणातील बदल जाऊ नयेत म्हणून अनलोडमध्येही लिहावे लागते.

भट्टी नष्ट झाली, की ऑनएंटिटीकिलमध्ये तिची नोंद काढावी. वाइपनंतर (जग पुसून नव्याने सुरू केल्यावर) क्रमांक नव्याने दिले जातात आणि जुनी नोंद भलत्याच वस्तूला चिकटू शकते, म्हणून ऑनन्यूसेव्हमध्ये डिक्शनरी पूर्ण रिकामी करावी.

भट्टी हातोड्याने उचलली, की एंटिटी (जगात मांडलेली वस्तू) नष्ट होऊन तिच्या जागी आयटम (खेळाडूच्या सामानातली वस्तू) तयार होतो, आणि तो पुन्हा मांडला की नवा नेट.आयडी मिळतो. उचलल्यावर पातळी जाते, असा नियमच मी माझ्या सर्व्हरवर ठेवला आहे.