आठवणाऱ्याची गोष्ट लिही

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

अपघातात स्मृती गेलेल्या नवऱ्याची आणि त्याच्या बायकोची तुझी पटकथा एका बैठकीत वाचून काढली. पाणी पिऊन झाल्यावर तो रिकामा ग्लास बायकोच्या हातात देतो आणि ‘थँक्यू हं’ म्हणतो, तिथे मी थांबलो. आपल्या घरांत नवरा पाण्यासाठी बायकोचे आभार मानत नाही. आपण त्याला परक्या झालो, हे तिला डॉक्टरांच्या बोलण्यातून नाही, त्या सभ्यपणातून कळतं. असं ज्याला सुचतं त्याला पटकथा लिहिता येते. म्हणून पुढचं सगळं स्पष्टच लिहितो.

शेवट काढून टाक. देवळातली घंटा वाजते, त्याला भोवळ येते आणि दोन वर्षांचा संसार जसाच्या तसा आठवतो. असं होत नाही, हा आक्षेप आहेच. पण माझं दुःख वेगळं आहे. आठवण परत आली की तिने मधे काढलेल्या दिवसांना काही किंमतच उरत नाही. प्रेक्षक म्हणतो, चला, सुटली बिचारी. तिने त्या दिवसांत काय केलं, हे तो घरी पोचेपर्यंत विसरतो.

आता नवव्या पानावर ये. नणंद एका वाक्यात बोलून जाते, की अपघाताच्या आदल्या आठवड्यात वहिनी बॅग भरून माहेरी निघाली होती. पुढे तू त्या भांडणाचं नावही काढत नाहीस. अगं, तुझा सिनेमा तिथेच आहे! डोक्याला मार बसला तर माणूस सहसा स्वतःचं नाव विसरत नाही. पुसलं जातं ते बहुधा अलीकडचं. जुनं टिकून राहतं. तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच हे मांडलं होतं. म्हणजे तुझ्या नायकाला आई आठवेल, शाळा आठवेल, आणि नेमकं ते भांडण गेलेलं असेल. त्याच्या लेखी ही बाई चांगली आहे, काळजी घेते, एवढंच. भांडण ठाऊक आहे ते तिला. सांगायचं की गिळायचं? न सांगता मिळालेलं प्रेम आपलं म्हणायचं का? यात कसोटी त्याच्या प्रेमाची नाही, तिच्या प्रेमाची आहे.

विसरण्याच्या गोष्टीत मी नेहमी एक प्रश्न विचारतो: या विसरण्याने सुटलं कोण? आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी भर सभेत तो ‘मला आठवत नाही’ म्हणतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली आणि राजा निर्दोष झाला. पण कालिदास मोठा, तो तेवढ्यावर थांबला नाही. पाचव्या अंकात अंगठी हरवलेली शकुंतला पुरावा म्हणून काय पुढे करते, ते मुळातून वाच. एक लहानशी आठवण. दीर्घापांग नावाचं हरणाचं पाडस राजाच्या हातचं पाणी पीत नव्हतं, तिच्या हातून प्यायलं. तेव्हा राजा हसून म्हणाला होता, तुम्ही दोघंही रानातलीच. दोघांतच घडलेली गोष्ट, साक्षीदार कोणी नाही. आणि राजा ती बायकांच्या गोड थापांत जमा करतो. पुढे सहाव्या अंकात त्याला आठवतं तेव्हा ती समोर नसते. तो तिचं चित्र काढत बसतो. व्ही. शांतारामांची ‘शकुंतला’ १९४३ साली आली आणि मुंबईच्या ‘स्वस्तिक’मध्ये १०४ आठवडे चालली. अंगठी सापडते हे ठाऊक असलेला प्रेक्षक तरीही जात राहिला, हे ध्यानात घे.

‘सदमा’ तू पाहिलाच असशील. बालू महेंद्रांनी आधी १९८२ मध्ये तो तमिळमध्ये केला, मग १९८३ मध्ये हिंदीत. तिथे स्मृती परत येते तीच आपत्ती ठरते. स्मृती गेलेल्या रेशमीला जुनं सगळं आठवतं आणि मधला काळ, तिला सांभाळणाऱ्या सोमूसकट, नाहीसा होतो. स्टेशनवर चिखलाने माखलेला सोमू माकडचेष्टा करतो. त्याच खेळावर ती कधीकाळी खिदळली होती. आता तिला तो कोणी वेडा वाटतो. बघ, कालिदासाचं पाडस आणि ही माकडचेष्टा, दोन्हीकडे क्षुल्लक गोष्टच पणाला लागली आहे. तुझ्या नायिकेकडे असं काय आहे? लग्नाचा अल्बम नको. फोटो कोणालाही दाखवता येतात.

सारा पॉलीच्या २००६ च्या ‘अवे फ्रॉम हर’ या चित्रपटात नवरा एकेकाळी बाहेरख्याली होता. बायकोचा स्मृतिभ्रंश वाढतो, ती शुश्रूषागृहात जाते आणि तिथल्याच एका रुग्णात गुंतते. ही आपल्याला शिक्षा तर देत नाही ना, अशी शंका नवऱ्याला येते. उत्तर मिळत नाही. जिच्याकडे क्षमा मागायची तीच विसरून गेली, तर अपराध कोणापुढे ठेवायचा? तुझ्या नायिकेपुढे हाच पेच ठेव. ती बॅग का भरली होती, चूक कोणाची होती, हे तुला पक्कं माहीत हवं, प्रेक्षकाला उशिरा कळलं तरी चालेल.

एक गोष्ट वापरण्याजोगी आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूवर १९५३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवं लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. आरशात बघून चांदणी गिरवण्याचं काम मात्र तो दिवसागणिक सफाईने करू लागला, आणि हे आपण आधी केलंय याची त्याला जाणीव नव्हती. हाताची सवय वेगळीकडे साठते. तुझ्या जोडप्याच्या घराचा जिना लाकडी आहे ना? तिसरी पायरी मोडकी ठेव. इस्पितळातून पहिल्यांदा घरी येताना तो ती पायरी नकळत ओलांडू दे. ती मागून बघते. संवाद नको, पार्श्वसंगीतही नको.

दुसरा खर्डा पाठवताना शेवट लिहूच नकोस. आधी एकच प्रसंग लिही: घरी आल्यावर काही दिवसांनी तो सहज विचारतो, ‘आपली भांडणं व्हायची का हो?’ नणंद तिथेच भाजी निवडत बसलेली असू दे. तुझी नायिका काय उत्तर देते, ते मला वाचायचं आहे.

तुझा,
सर