कोवळं ऊन आणि ग्लासगोची दुपार

प्रिय मनू,

आजी फोनवर सांगते, "रोज सकाळी कोवळ्या उन्हात बस", आणि मी सांगते, ड जीवनसत्त्वाची गोळी घे. ऐकायचं कुणाचं, असं तू विचारलंस.

हिवाळ्यात तरी माझं. ड जीवनसत्त्व कातडीत तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी (एक प्रकारच्या अतिनील) किरणांमुळे. सूर्य खाली असला की हे किरण तिरके येतात, त्यांना हवेतून लांबचा प्रवास पडतो आणि बहुतेक ओझोनमध्येच अडतात. डिसेंबरअखेर तुझ्या ग्लासगोत, तिकडे स्कॉटलंडात, भर दुपारी सूर्य जेमतेम 11 अंश वर चढतो. त्याच दिवसांत पुण्यात तो तेवढा वर सकाळी आठलाच आलेला असतो. म्हणजे तुझी अख्खी दुपार हेच आजीचं कोवळं ऊन! अंगाला बरं वाटतं, ड काही मिळत नाही. (पुण्यातसुद्धा ते दहानंतरच्या उन्हातच नीट मिळतं. हे आजीला तूच सांग.)

सावली बघ. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. डिसेंबरात तुझी सावली तुझ्या पाचपट भरेल. आखूड सावली तिथे साधारण एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, तीही दुपारी सव्वाच्या आसपासच. खिडकीत बसून उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. त्यात आपली सावळी कातडी. तिच्यातलं मेलॅनिन, म्हणजे काळसर रंगद्रव्य, हेच किरण शोषतं, म्हणून गोऱ्या मैत्रिणीपेक्षा तुला जास्त वेळ लागतो.

तुझ्याच शहरात 1962 साली पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुलांमध्ये मुडदूस आणि मोठ्यांमध्ये मऊ पडलेली हाडं सापडल्याची नोंद झाली. ऊन कमी पडलंच, शिवाय कोंड्यासकट कणकेच्या चपातीवरही बोट ठेवलं गेलं. कोंड्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं. पण तेवढ्यासाठी चपाती सोडू नकोस. पीठ आंबवलं किंवा धान्याला मोड आणले की ते आम्ल कमी होतं. नाचणीची आंबील त्यासाठी उत्तम. तीळ-नाचणीत कॅल्शियम भरपूर, ड मात्र नाही.

गोळी 10 मायक्रोग्रॅमची, म्हणजे 400 युनिट, रोज एक. तिथे ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनाच सांगतात, आपल्यासारख्यांना बारा महिने. ड तेलातुपात विरघळतं, म्हणून उपाशीपोटी नको, वरणभात-तुपाबरोबर घे. गोळीतलं ड (डी3) बहुधा लोकरीच्या मेणापासून काढतात. ते नको असेल तर दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून केलेली गोळी मिळते. मांड्या दुखायला लागल्या, जिना चढताना कठड्याला धरावं लागलं, तर रक्त तपासून घे.

आणि आजीने पाठवलेली 60,000 युनिटची पाकिटं. एका पाकिटात तुझी 150 दिवसांची गोळी मावते! कमतरता सापडली तर डॉक्टर ती आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच देतात. चुकून रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडाला धोका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय फोडू नकोस.

तुझी आई