सोसायटीला लागून कमर्शियल इमारत होतेय. मध्ये सहा मीटर जागा आणि झाडांची रांग पुरेशी आहे का?

तुमच्या कंपाउंडला लागून चार मजली इमारत येतेय, खाली सुपरमार्केट आणि वर रेस्टॉरंट, आणि बिल्डर म्हणतोय की ६ मीटर सोडतो, शिवाय झाडं लावतो. मी आर्किटेक्ट आहे, अशा इमारतींचे नकाशे करते. माझा सल्ला असा की मीटरवरून भांडण्याआधी त्या ६ मीटरमध्ये काय बसवणार आहेत ते बघा.

साइड मार्जिन, म्हणजे इमारत आणि कंपाउंडच्या मधली ही मोकळी जागा, असतं ते उजेड-वाऱ्यासाठी आणि अग्निशमनाची गाडी फिरण्यासाठी. कारखान्यांसाठी वेगळं अंतर राखायला लावतात, दुकान-हॉटेलसाठी सहसा नेहमीचं मार्जिनच असतं. त्यात रस्त्याकडे काच आणि पाट्या येतात आणि जनरेटर, एसीची युनिटं, किचनचा एक्झॉस्ट, कचऱ्याची खोली, माल उतरवायची जागा हे सगळं मागे, म्हणजे तुमच्या बेडरूमच्या बाजूला जातं.

आवाजाचा हिशेब करून बघा. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. कॅनोपीतल्या (आवाज दाबणाऱ्या पेटीतल्या) जनरेटरला १ मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत मुभा असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ८ मीटरवर ५७, १६ मीटरवर ५१, आणि ४५ वर यायला ३२ मीटर. दोन भिंतींच्या मधल्या बोळात आवाज आपटत राहतो, तिथे एवढाही उतरत नाही. एवढं अंतर शहरात कोणी सोडणार नाही, म्हणून जनरेटरच पलीकडच्या बाजूला न्यायला लावायचा.

झाडांवर फार भिस्त ठेवू नका. अशोकाची एक रांग नजर अडवते, धूळ थोडी धरते, पण आवाज जवळजवळ तसाच येतो. शिवाय त्याच मार्जिनखाली बऱ्याचदा पाण्याची टाकी असते, मग झाडाला माती मिळते जेमतेम दोन फूट. झाडं हवीतच, पण आवाजासाठी फटी नसलेली भरीव भिंत मागा, जनरेटर दिसणार नाही इतकी उंच. वरच्या मजल्यांना मात्र तिचा उपयोग नाही.

किचनच्या डक्टकडे, म्हणजे धूर आणि वास बाहेर सोडणाऱ्या पाइपकडे, तर मी सगळ्यात आधी बघते. एका सोसायटीत शेजारच्या हॉटेलचा डक्ट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरच संपवला होता. ग्रिलवर तेलाचा चिकट थर, वाळत घातलेल्या कपड्यांना फोडणीचा वास, आणि घरात दम्याचे आजोबा. डक्ट गच्चीच्या वर नेल्यावर त्रास थांबला. पण इमारत उभी राहिल्यावर तो वर चढवायला फार खर्च आणि वाद झाला. नकाशात ती एक रेघ बदलण्याचं काम होतं.

म्हणून आत्ताच हालचाल करा. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून नगररचना विभागाकडून मंजूर नकाशाची प्रत मागा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नकाशात तुमच्या बाजूला काय दाखवलंय ते ओळखीच्या आर्किटेक्टकडून वाचून घ्या. मग सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला पत्र द्या: जनरेटर आणि एसी युनिटं पलीकडे किंवा गच्चीवर, डक्ट गच्चीच्या वर, माल रात्री उतरवायचा नाही, दिव्यांचा झोत खाली. प्रत महापालिकेला द्या आणि पोच घ्या. बिल्डर मीटिंगमध्ये तोंडी ‘हो’ म्हणेल, ते लेखी घ्या. नकाशाबाहेर मार्जिनमध्ये काही बांधलं तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळण्याआधीच तक्रार करा. त्यानंतर दुकानं सुरू होतात, भाडेकरू बदलतात आणि जबाबदारी कोणाची हेच कळेनासं होतं.

नकाशा हातात आला की तुमच्या बाजूच्या मार्जिनमध्ये काय दाखवलंय ते इथे लिहा, नेमकं काय मागायचं ते सांगते.