घाण्याच्या तेलाची माहिती द्यायची, पण ती जाहिरात वाटू नये. काय लिहू?

गिऱ्हाईक दुकानात जे विचारतं, तेच लिहा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढं महाग का? हिशोब उघड मांडा. लाकडी घाण्यावर एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. आजचा दाण्याचा भाव, मजुरी, वीज, बाटली लिहा, पेंडीचे सुटणारे पैसेही दाखवा. बाटलीच्या तळाशी बसलेल्या गाळाचा फोटो टाका. ते दाण्याचे बारीक कण असतात, भेसळ नव्हे, हे समजावून सांगा.

'कोलेस्टेरॉल फ्री' मात्र मिरवू नका. वनस्पती तेलात ते मुळात नगण्यच असतं, मग तेल घाण्याचं असो की रिफाइंड. 'शुगर बरी होते' वगैरे तर अजिबात नको; आजार बरा करण्याचे असे दावे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या नियमांत बसत नाहीत, आणि कुणी औषध सोडलं तर?

आपल्या तेलाची उणी बाजूही सांगाच. रिफाइंडपेक्षा ते लवकर धुरावतं, त्यामुळे तळणीला आच बेताची ठेवावी लागते. हे तुमच्याकडून कळलं की लोक पुढचा प्रश्नही तुम्हालाच विचारतात.