टेम्पोच्या हौद्यात आडवा गॅस सिलिंडर चालेल का?

प्रश्न : गगनबावड्याकडे साइटवर ऑक्सिजनचा एक आणि डीएचा (म्हणजे विरघळवलेला ॲसिटिलीन) एक असे दोन सिलिंडर छोट्या टेम्पोतून न्यायचे असतात. आडवे टाकले तर घाटात गडगडत नाहीत. हे चालेल का?
(फॅब्रिकेशन व्यावसायिक, शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : डीए आडवा अजिबात नको. ॲसिटिलीन नुसता दाबला तर स्वतःहून फुटू शकतो. म्हणून सिलिंडरच्या आत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. सिलिंडर आडवा पडला की ॲसिटोन व्हॉल्व्हकडे सरकतं. मग लावताक्षणी ते गॅसबरोबर रेग्युलेटरमध्ये आणि नळीत येतं, ज्योत बिघडते. वाटेत आडवा झालाच असेल तर उभा करून काही तास, शक्यतो रात्रभर राहू द्या. वापरतानाही नळीतला दाब 1 बारच्या वर नेऊ नका.

ऑक्सिजनला आडवं पडल्याने आतून काही होत नाही. धोका आहे तो 150 बार दाबाचा. 46.7 लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर गॅस कोंबलेला असतो. व्हॉल्व्ह आपटून तुटला तर सिलिंडर बाणासारखा सुटतो. त्यामुळे रेग्युलेटर काढा, व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, टोपी चढवा आणि मगच हलवा. साखळी किंवा पट्टा वर आणि खाली, दोन ठिकाणी हवा. एकच दोरी मध्यावर बांधली तर वळणावर सिलिंडर तिच्याभोवती झुलतो. सिलिंडरचा कुठलाही भाग हौद्याबाहेर डोकावता कामा नये, गाडी उघड्या हौद्याची हवी.

आता न आवडणारी गोष्ट. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, म्हणून तो धोकादायक मालाच्या 2.2 वर्गात, हिरव्या लेबलखाली येतो. पण इतरांना भडकवतो, म्हणून शेजारी 5.1 चं पिवळं लेबलही असतं. ॲसिटिलीन 2.1, लाल. हवेत जेमतेम अडीच टक्के झाला की ठिणगीने पेटतो. नियमाप्रमाणे भरलेले ज्वलनशील सिलिंडर दुसऱ्या प्रकारच्या गॅसबरोबर एकाच गाडीत नेता येत नाहीत. म्हणजे दोन फेऱ्या, नाहीतर दोन गाड्या. दुचाकीवरून तर एकही नाही. आणि ग्रीसचा हात ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला लागू देऊ नका; तिथे तेलाला पेटायला काडीही लागत नाही.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत कोअरसाठी (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यासाठी) कार्बन डायऑक्साइड वापरतो. दाबाचा काटा दिवसभर भरलेला दाखवतो आणि अचानक खाली येतो. सिलिंडर कमी भरून येतो का?
(शिरोली एमआयडीसी)

उत्तर : काट्यावरून तरी तसं म्हणता येणार नाही. हा गॅस आत द्रवरूप असतो. 20 अंशाला दाब 57 बार. शेवटचा थेंब असेपर्यंत तो जवळपास तेवढाच राहतो. काटा उतरू लागतो तेव्हा 30 किलोच्या सिलिंडरमध्ये द्रव संपून 8-9 किलोच, तेही वायुरूपात, उरलेले असतात. म्हणून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून वजन करा आणि मानेवर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा.

उन्हाळ्यात हिशेब बदलतो. 31 अंशांच्या वर आत द्रव राहतच नाही. नीट भरलेल्या सिलिंडरचा दाब 40 अंशाला 100 बारच्या पुढे जातो. जास्त भरलेला असेल तर त्याहून खूप वर, आणि मग सुरक्षा चकती फुटते. एप्रिलमध्ये टेम्पो उन्हात उभा ठेवून जेवायला जाऊ नका. गळती झाली तर हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खड्ड्यात साचतो आणि वासही येत नाही. खड्ड्यात उतरून गळती शोधू नका.

प्रश्न : सिलिंडर घेताना काय पाहावं?
(गोकुळ शिरगाव)

उत्तर : मानेवरची चाचणीची तारीख. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी 5 वर्षांनी लागते. मुदत टळलेला परत पाठवा. मग तळ, गंज, पोचे. रंग शेवटी पाहा. ऑक्सिजनचा काळा आणि ॲसिटिलीनचा मरून ओळखू येतात, पण रंग उडालेला असतो. लेबल वाचा. नट जुळत नसेल तर जोर लावू नका : ज्वलनशील गॅसचे आटे डावे असतात, ऑक्सिजनचे उजवे.