विचारा की! : ‘सगळं लिहून दिलं तरी लोक अडकतातच’

प्रश्न : नमस्कार दादा, आमचा हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, सगळे मोबाइलवर व्हिडिओ शूट करतात आणि फाइली एवढ्या अवाढव्य होतात की पाठवताच येत नाहीत. म्हणून मी एफएफएमपेग (व्हिडिओ फाइली लहान करता येणारा, कमांड टाइप करून चालवायचा प्रोग्राम) कसं इन्स्टॉल करायचं ते चार ओळींत लिहून दिलं: डाउनलोड करा, अनझिप करा, पाथमध्ये टाका, कमांड चालवा. तरी रोज फोन! कुणी म्हणतं काळी खिडकी येते आणि जाते, कुणी म्हणतं फाइल उघडतच नाही. माझं लिहिणं चुकतंय की लोक वाचतच नाहीत?

उत्तर : लोक वाचतात हो ताई, पण तुमच्या चार ओळींत निदान पंधरा पायऱ्या दडल्यात आणि त्या तुम्हाला दिसत नाहीत कारण तुमच्या कॉम्प्युटरवर ते सगळं कधीच होऊन बसलंय. मीही पहिल्यांदा असंच लिहिलं होतं, ‘पाथ सेट करा’ एवढंच, आणि एकाने मला विचारलं की कुठला पाथ, म्हणजे जायचं कुठे? (पाथ म्हणजे कमांड दिल्यावर विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्यांची यादी.)

पहिली ओळच घ्या. एफएफएमपेगच्या साइटवर डाउनलोडच्या पानावर जे मोठं हिरवं बटण आहे ना, त्यातून प्रोग्राम येत नाही, सोर्स कोड येतो, म्हणजे प्रोग्राम ज्यापासून बनतो तो कच्चा मजकूर! प्रकल्पवाले स्वतः फक्त कोड देतात, तयार बनवलेली विंडोजची फाइल दुसऱ्यांकडे असते आणि त्यांच्या लिंका त्याच पानावर खाली असतात. नवखा माणूस मोठंच बटण दाबणार, त्यात त्याची काय चूक. त्यामुळे ‘हिरवं बटण दाबू नका, खाली विंडोजच्या चिन्हावर जा’ असं लिहायचं, आणि कुठल्या नावाची झिप घ्यायची तेही.

मग अनझिप. विंडोजमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केलं की बऱ्याचदा फोल्डरच्या आत त्याच नावाचा आणखी एक फोल्डर निघतो, त्याच्या आत ‘बिन’, आणि त्या बिनमध्ये तीन प्रोग्राम: एफएफएमपेग, एफएफप्ले, एफएफप्रोब. माणूस इथपर्यंत पोचला की तो काय करतो, डबल क्लिक! ती तुमची काळी खिडकी येते-जाते ती हीच. बिघाड काही नाही, हा प्रोग्राम कमांड देऊन चालवायचा असतो, नुसता उघडला तर चार ओळी दाखवून बंद होतो. हे एक वाक्य लिहिलं असतंत तर निम्मे फोन वाचले असते.

पाथला तर अख्खा परिच्छेद द्या. फोल्डर आधी सी ड्राइव्हमध्ये साध्या, बिनस्पेसच्या नावाने ठेवायला सांगा (डाउनलोड्समध्ये ठेवला तर महिन्याभराने साफसफाईत उडतो), मग स्टार्टमध्ये काय टाइप करायचं, कुठली खिडकी उघडते, ‘पाथ’वर एडिट करून न्यू दाबून बिनपर्यंतचा पूर्ण पत्ता टाकायचा, आणि जुन्या नोंदी पुसायच्या नाहीत हे ठळक अक्षरांत! त्यानंतर कमांडची उघडी खिडकी बंद करून नवी उघडायची, कारण जुन्या खिडकीला नवा पाथ माहीतच नसतो आणि ती ‘अशी कमांड ओळखीची नाही’ म्हणत राहते. यात भलेभले फसतात.

प्रत्येक पायरीनंतर ‘आता तुम्हाला हे दिसेल’ आणि ‘हे नाही दिसलं तर इथे बघा’ अशा दोन ओळी टाका, कारण नवख्याला काय करायचं यापेक्षा झालं की नाही हेच कळत नसतं. शेवटी व्हर्शन विचारणारी कमांड द्या, उत्तरात आकडा आला की इन्स्टॉल झालं. तिथेच थांबा! सीआरएफ (क्वालिटी ठरवणारा आकडा) म्हणजे काय, नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओसाठी ० ते ५१ मध्ये आकडा वाढवला की फाइल लहान होते आणि क्वालिटी उतरते वगैरे वेगळ्या पानावर, नाहीतर माणूस इन्स्टॉलच्या आधीच पळतो.

अजून एक, हे वर्डमध्ये लिहित असाल तर सावधान. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि साध्या डॅशचा लांब डॅश करतं, दिसायला छान पण कमांड कॉपी करून टाकली की एरर. ऑटोकरेक्ट बंद करा नाहीतर साध्या नोटपॅडमध्ये लिहा. मीही याच भीतीने इथे कमांड छापत नाहीये.

आणि लिहून झालं की कॉम्प्युटरशी फारसा संबंध नसलेल्या एकाला समोर बसवा, कागद द्या आणि तुम्ही गप्प बसा, अजिबात बोट दाखवायचं नाही. तो जिथे थांबेल तिथे तुमची ओळ कच्ची. मला तर पहिल्या वेळी दहा मिनिटं गप्प बसणंच जमलं नव्हतं.

प्रश्न : मग व्हिडिओ लहान करणारा दुसरा प्रोग्राम, हँडब्रेक, तोच थेट का नको? त्यात बटणं असतात.

उत्तर : नवख्यांना तेच द्या, खरं सांगायचं तर मीही ग्रुपला तेच दिलं असतं. कमांड नाही, पाथ नाही. फक्त विंडोजवर त्याला डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम (मायक्रोसॉफ्टचं वेगळं पूरक सॉफ्टवेअर) लागतं, ते नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही, म्हणून ती पायरी आधी लिहा. आणि सेटअपची फाइल आपल्या ड्राइव्हवर चढवून वाटू नका, अधिकृत साइटची लिंक द्या आणि चेकसम (फाइल मूळचीच आहे ना हे ताडून बघायचा, साइटवर दिलेला लांब आकडा) कसा जुळवायचा तेही सांगा. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकची फाइल बदलून त्यात मालवेअर घातलं गेलं होतं, ज्यांनी चेकसम बघितला असता ते वाचले असते.

प्रश्न : लिहिण्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवलं तर?

उत्तर : सोबत पाठवा, पण एकटं नको. व्हिडिओतून कमांड कॉपी होत नाही, आणि उद्या साइटवरचं बटण हललं तर लिहिलेली एक ओळ बदलता येते, व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. सूचनांच्या सुरुवातीला कुठल्या व्हर्शनसाठी आणि कुठल्या तारखेला लिहिलं तेवढं मात्र टाका.