जेवणघराच्या दोन भिंती

प्रश्न : सर, मुलगी मिलानला असते, म्हणून मे महिन्यात जाऊन आलो. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चच्या मठात, साधूंच्या जेवणघरात, लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, पाहिलं. पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. पण समोरच्याच भिंतीवर क्रूसाचं कुणाचं तरी चित्र आहे, ते ठणठणीत, आणि लिओनार्दोचं पुसट! असं कसं?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तेवढ्यात मान मागे वळवलीत, शाब्बास. ते चित्र दोनातो मोंतोर्फानोचं, १४९५ सालचं. मी इतकी वर्षं चित्रकला शिकवली, पण वर्गात त्याचं नाव कधी घेतलं नाही.

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी ओटीची भिंत जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा. बाबांनी हौसेने त्यावर ऑइलपेंट मारला. दुसऱ्या पावसाळ्यात नखाएवढे पोपडे सुटले. आई रोज सकाळी सुपलीत भरून टाकायची. आणि आपल्याकडच्या जुन्या देवळांतलं कावीकाम बघा. ओल्या चुन्यावर काव चढवून कोरलेलं, किती पावसाळे खाऊन बसलंय! ओला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याची पुन्हा चुनखडी होते आणि रंग तिच्यात कोंडला जातो. मोंतोर्फानोने हेच केलं. त्याला फ्रेस्को म्हणतात.

अट एकच, गिलावा ओला आहे तोवर हात उरकायचा. लिओनार्दोला ते कुठलं जमायला! मठाच्या प्रमुखाचा पुतण्या मात्तेओ बांदेल्लो याने लिहून ठेवलंय की हा गृहस्थ कधी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून रंगवायचा, तर कधी भर दुपारी येऊन एखाददुसरा फटकारा मारून निघून जायचा. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर टेंपेरा (अंड्यात कालवलेले रंग) आणि तेलाचे रंग वापरले. चित्र १४९८ च्या सुमारास पुरं झालं आणि त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. १५६६ मध्ये, चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीला तिथे नुसते डाग दिसले.

वर माणसांनी हात धुऊन घेतले. १६५२ मध्ये मठवाल्यांनी त्याच भिंतीत दार फोडलं, त्यात येशूची पावलं गेली. नेपोलियनच्या सैन्याने तिथे घोडे बांधले. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर कोसळलं. चित्र वाचलं ते वाळूच्या पोत्यांमुळे. पुढे पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी वीसेक वर्षं खपून, १९९९ पर्यंत, ते कणाकणाने साफ केलं. तुमची पंधरा मिनिटं त्यासाठीच. आपल्या श्वासाची वाफही त्याला सोसत नाही.

मोंतोर्फानोच्या चित्राचा फोटो काढला असेल तर खालचे दोन्ही कोपरे मोठे करून बघा. गुडघे टेकलेल्या, भुतासारख्या फिकट आकृत्या दिसतील: मिलानचा ड्यूक लुदोविको स्फोर्झा, त्याची बायको बेआत्रिचे आणि मुलं. त्या लिओनार्दोनेच काढल्या असं वाझारी सांगतो. त्याही कोरड्यावरच.